फी भरली, चार क्लास लावले, तरी पोरगं ‘काही नाही’च म्हणतंय

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. यजमान चिंचोळी एमआयडीसीत कामाला, ताई स्वतः घरी गणवेशाची शिलाई घेतात. मुलाला अबॅकस, चित्रकला, ट्यूशन आणि कराटे असे चार क्लास. मार्क बरे पडतात, पण वर्षभरात तो चिडचिडा झालाय आणि काहीही विचारलं तरी ‘काही नाही’ एवढंच सांगतो. शाळेतल्या मॅडम म्हणतात, ‘घरी लक्ष द्या.’ घरात सासरे म्हणतात, ‘मग एवढी फी कशाची भरतो?’ ताईंचं विचारणं असं की सर्वांगीण विकास म्हणजे नेमकं काय, त्यातलं शाळेनं किती करायचं आणि आम्ही किती?

ताई, मी चौतीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. तुमच्या मॅडमचं वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. सासऱ्यांचं वाक्य आमच्याकडे जरा वेगळं यायचं, ‘पगार कशाचा घेता मग?’ म्हणजे भांडण जुनंच आहे.

व्याख्येचं नंतर बघू. आधी तुम्ही लिहून पाठवलेलं वेळापत्रक घेऊ. सहाला उठणं, पावणेसातला व्हॅन, दीडला घरी. जेवण आणि थोडा गृहपाठ होईतो साडेतीन. मग एक दिवसाआड अबॅकस नाहीतर चित्रकला, तिथून ट्यूशन, आठवड्यातून तीन दिवस कराटे. साडेआठला जेवण, उरलेला गृहपाठ, पावणेअकराला अंथरूण. झोप झाली सव्वासात तास. त्यात पाण्याचा दिवस असला आणि पाणी रात्री आलं की पिंपं, बादल्या, मोटारीचा आवाज, म्हणजे तेवढीही नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. तुमचं पोरगं रोज कमीत कमी पावणेदोन तास उधारीवर जगतंय, आठवड्याचे बारा तास. एवढ्या कमी झोपेवर तुम्ही-आम्हीसुद्धा कुणाच्या तरी अंगावर खेकसू. तो तर अकरा वर्षांचा आहे.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. कारण हेच, लेकरांची झोप. सहावीला तो लागू नाही, त्यामुळे तुमची सकाळ काही हलायची नाही. जे काढायचं ते संध्याकाळमधूनच. कुठला क्लास काढायचा ते शेवटी सांगते.

आता तो शब्द. ‘सर्वांगीण विकास’ हल्ली शाळांच्या फलकांवर स्विमिंग पूल आणि एसी वर्गाच्या शेजारी छापलेला असतो. त्यामुळे पालकांना वाटतं, एकेक अंग म्हणजे एकेक क्लास. बुद्धीला अबॅकस, हाताला चित्रकला, पायाला कराटे. खरं तर हा शब्द कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा ते सांगताना मुलाचा सर्वांगीण विकास म्हटलंय आणि त्याच यादीत पुढे म्हटलंय की मूल भीती, आघात आणि चिंता यांतून मोकळं असावं, त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडता यावं. म्हणजे तुमचा मुलगा ‘काही नाही’ म्हणतो ना, तो सर्वांगीण विकासाचाच प्रश्न आहे. अबॅकसच्या आठव्या लेव्हलपेक्षा मला तो मोठा वाटतो.

एक गोष्ट सांगते, माझ्या वर्गातली. मी तेव्हा चौथीला शिकवत होते. एक मुलगी भागाकाराला फळ्यापाशी आली की खडू हातात धरून नुसती उभी राहायची. बाकी कशात मागे नाही, पण भागाकार आला की डोळ्यांत पाणी. आईला तीन वेळा बोलावणं धाडलं, आई आली नाही. मी शिक्षकखोलीत म्हटलंसुद्धा, ‘यांना पोरींचं काही पडलेलंच नाही.’ मग एका दुपारी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. आई दारातच बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हात थांबत नव्हते. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं बसा. पोरीनं दप्तर ठेवलं, चूळ भरली आणि तयार बिड्या मोजून जुड्या लावायला बसली. पंचवीसची एक जुडी. मी सहज विचारलं, ‘हजाराच्या किती होतात गं?’ ‘चाळीस.’ मान वर न करता. ‘आणि सत्तर छाट निघाल्या तर?’ छाट म्हणजे कारखान्यात तपासताना काढून टाकलेल्या बिड्या, त्यांचे पैसे मिळत नाहीत. ती दोन सेकंद थांबली असेल. ‘सदतीस, आणि पाच सुट्ट्या.’

नऊशे तीस भागिले पंचवीस. बाकीसकट. जो भागाकार मी तिला तीन महिने शिकवत होते.

पोरीनं बिड्यांपाशी बसावं असं माझं म्हणणं नाही. तंबाखूच्या धुळीत लहान लेकरू बसणं वाईटच, आणि ते मी त्या माउलीला तेव्हाही सांगितलं. सांगायचं ते वेगळंच आहे. त्या मुलीची अर्धी ओळख शाळेकडे होती आणि अर्धी घराकडे, आणि मधल्या रस्त्यावर कुणी भेटतच नव्हतं. शाळेच्या लेखी ती गणितात कच्ची, आईच्या लेखी हिशोबाला पक्की. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चिंचोके नेले, पंचवीसच्या ढिगांचा खेळ लावला आणि तो तिला चालवायला दिला. चार दिवसांत ती दुसऱ्यांना बाकी काढायला शिकवत होती.

आणि आई का येत नव्हती? ती त्या दुपारीच म्हणाली, ‘बाई, तुमच्या मीटिंगला आले तर त्या दिवशीची मजुरी जाते. आणि येऊन ऐकायचं काय, तर पोरगी कच्ची आहे.’ मला गप्प बसावं लागलं. पुढच्या महिन्यापासून आम्ही पालकसभा बिड्या वळणाऱ्या आयांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्यायला लागलो आणि एक नियम केला. शिक्षकानं प्रत्येक पालकाला आधी त्याच्या मुलाबद्दलची एक चांगली, खरी गोष्ट सांगायची, मगच तक्रार. ‘हुशार आहे हो’ असलं मोघम चालायचं नाही. शिक्षकांची पंचाईत व्हायची, कारण चांगलं सांगायचं तर मुलाकडे आधी बघावं लागतं.

म्हणून ‘शाळेनं किती, आम्ही किती’ या हिशोबात मी फारशी पडत नाही. टक्के काढून काम वाटता येत नाही. पण काही गोष्टी शाळेतच होतात आणि काही घरातच, एवढं मात्र नक्की. गोंधळ होतो तो अदलाबदल झाली की.

शाळेचं मोठं देणं म्हणजे इतर पोरं. चाळीस जण, त्यातले निम्मे आपल्याला न आवडणारे. तिथं पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, कबड्डीत बाद झाल्यावर रेषेबाहेर बसावं लागतं, आपला डबा कुणीतरी खातं आणि आपण दुसऱ्याची शेंगाचटणी पळवतो. शिवाय नात्यात नसलेलं एक मोठं माणूस आपल्याकडे बघत असतं, आणि त्या माणसाला आपण आवडावं असं मुलाला वाटतं. यातलं काही तुम्ही घरी देऊ शकत नाही, क्लासमध्येही ते मिळत नाही. क्लासला पोरं येतात, शेजारी बसतात आणि जातात.

म्हणून शाळेला विचारायचे प्रश्न मार्कांचे नसतात. खेळाचा तास प्रत्यक्षात होतो का? की परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांकडे जातो? पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास दमछाक होईल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोलापूरच्या उन्हात दुपारी ते शक्य नाही, म्हणून सकाळचा शाळेचा तास सोन्यासारखा. ग्रंथालयातलं पुस्तक घरी मिळतं का, की कुलूपबंद कपाटातून नुसतं दिसतं? सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायचे, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. तुमचा मुलगा नेमका सहावीत आहे. सोलापूरसारख्या गावात या दहा दिवसांचं काय करायचं हा प्रश्न पडायलाच नको. चादरीचा माग आहे, टॉवेलचा आहे, गणवेशाचे कटिंग टेबल आहेत. तरी बऱ्याच शाळा हे दहा दिवस हॉलमध्ये कागदी फुलं करून उरकतात. त्याच धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे, ज्यात शिक्षकांबरोबर मुलानं स्वतः आणि त्याच्या सोबत्यांनीही त्याच्याबद्दल लिहायचं असतं. तुमच्या शाळेत ते आलं असेल तर मार्कांच्या आधी मुलानं स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ‘काही नाही’च्या मागचं काहीतरी तिथं सापडेल.

विचारायचा हक्क तुम्हाला आहे, लाजू नका. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित शाळेला ही समिती नाही, पण पालक-शिक्षक संघ असतो आणि फीची चर्चा त्याच्या कार्यकारी समितीत व्हावी लागते. माझा अनुभव असा की त्या बैठकीत फी आणि गणवेशाचा रंग यावर दोन तास जातात, आणि मैदानावर कोणी ब्र काढत नाही.

घराकडे वळू. इथं मी आधी माझंच सांगते. माझी मुलगी सातवीत असताना मी रोज संध्याकाळी तिची वही घेऊन बसायचे. आज काय शिकवलं, दाखव, हे अक्षर असं का, बाईंनी तारीख का नाही घातली. एक दिवस ती म्हणाली, ‘आई, तू घरी आलीस तरी बाईच असतेस.’ तिनं त्या महिन्याची डायरी पाण्याच्या टाकीमागे लपवली होती, ते मला दिवाळीच्या साफसफाईत कळलं. तोवर मी दुसऱ्यांच्या आईबापांना घरी लक्ष कसं द्यायचं ते शिकवत होते. घरात दुसरी शाळा भरवली की मुलाला घर उरत नाही. ‘घरी लक्ष द्या’ याचा अर्थ अभ्यास घ्या असा लावू नका. झोप, जेवण, गप्पा आणि काम, एवढं घराकडे आहे, आणि त्यातलं शेवटचं आपण मध्यमवर्गीयांनी पार टाकून दिलंय.

काम म्हणजे ज्यावर घराचं काहीतरी अडतं असं काम. ‘स्वतःचं ताट उचल’ हे काम नव्हे, ती शिस्त झाली. तुमच्या घरात तर सोय आयती आहे. गणवेशाची ऑर्डर आली की अठ्ठावीस, तीस, बत्तीस अशा साइजप्रमाणे गठ्ठे लावणं, शंभर शर्टांना बटणं किती लागतील ते काढणं, दुकानातून आणणं, उरलेल्याची नोंद ठेवणं. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. शिलाई त्याच्याकडून करून घेऊ नका, नुसता हिशोब द्या. तो चुकेल. चुकला की पन्नास बटणं कमी पडतील आणि तुम्हाला थांबावं लागेल. त्या वेळी ओरडायचं नाही, ‘आता काय करू या?’ एवढंच विचारायचं. हे बोलणं सोपं आहे, करणं फार अवघड. मला जमायला चाळिशी उलटली.

गप्पांबद्दल एकच सांगते. ‘शाळेत काय झालं?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर जगभर ‘काही नाही’ असंच आहे. त्याऐवजी आधी आपलं सांगा. आज गिऱ्हाईकानं कॉलर उसवून परत पाठवली आणि मला राग आला, असं. दोन-चार दिवस तो नुसता ऐकेल. मग एखाद्या दिवशी कडक भाकरी मोडता मोडता स्वतःहून काहीतरी बोलेल, आणि नेमकं तेव्हा तुमचा फोन वाजेल. तो उचलू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला गावात भोंगा लावला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. त्याची बरीच चर्चा झाली. मला त्यातलं आवडलं ते हे की भोंगा फक्त पोरांसाठी नव्हता, आयांच्या मालिकाही बंद होत्या. माझे वडील गिरणीत होते, आमचं घर भोंग्यावरच चालायचं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आई चहा टाकायची आणि तिथून पुढं वडील आमचे. तसा एखादा ठराविक वेळ घरात असला म्हणजे पुरे.

भाषेचंही विचारलंय तुम्ही, की शाळा सांगते घरी इंग्रजी बोला. नका बोलू. तुम्हाला ज्या भाषेत रागावता येतं आणि हसता येतं तीच बोला. आमच्या भागातली पोरं घरी तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी बोलायची, आणि चारही भाषांत ‘का बे’ म्हणायची. कुणाचं काही बिघडलं नाही. इंग्रजी शाळेत शिकू द्या.

आणि गाव वापरा, तो फुकटचा क्लास आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, नेता तेव्हा होम मैदानावर त्याच्या हातात शंभर रुपये द्या आणि पाळण्यात बसायचं की जत्रेतली भाग्यश्री खायची हे त्याला ठरवू द्या. संपले तर संपले. चार पुतळ्यांवरून तुमची व्हॅन रोज जात असेल. ते चौघे कोण, त्याला सांगितलंय का? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. नुसती नावं एका दमात वाचून दाखवा, सोलापूर काय चीज आहे ते त्याला त्या चार आडनावांतूनच कळेल.

आता क्लास. अबॅकस बंद करा, विचारायचीही गरज नाही. ट्यूशन सहावीत कशाला, हे मला कळत नाही. मार्क बरे आहेत तर दोन महिने थांबवून बघा. चित्रकला आणि कराटे यांतलं एक ठेवायचं आणि कुठलं ते त्यानं सांगायचं. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून चित्रकला ठेवू, असा विचार तुमच्या पत्रात दिसतो. तो मुलासमोर बोलू नका, चित्र काढायची मजा जाईल. नऊला दिवे बंद.

तीन गोष्टी मात्र या आठवड्यातच तपासा. पहिली झोप, ती झाली. दुसरी डोळे. एका मुलाला मी वर्षभर ‘लक्ष नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं, त्याला मुळात फळाच दिसत नव्हता. त्याच्या चष्म्याची आठवण आली की अजून मान खाली जाते. तिसरी म्हणजे व्हॅन. मुलाचा रोजचा तासभर तिथं जातो, आणि तो शाळेच्याही हद्दीत नसतो, घराच्याही नसतो. मोठी पोरं छोट्यांना छळतात ती बहुतेक वेळा तिथंच, आणि मूल ते दोन्हीकडे सांगत नाही, कारण दोन्हीकडे मार्कांबद्दलच विचारतात. एक दिवस सकाळी व्हॅनपर्यंत स्वतः जा, कोण कुठं बसतं ते बघा, चालक काकांना बाजूला घेऊन विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

झोप सुधारून तीन-चार आठवडे झाले आणि तरी तो खात नसेल, खेळायला जात नसेल किंवा ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलला, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवू नका, ते माझ्यावरच चिडतील. त्यांना फक्त एवढं सांगा, की पुढच्या पालकसभेला तुम्ही चला. आजोबा सभेला आले की मॅडमही जरा सांभाळून बोलतात.